रबराच्या छातीतली गाठ

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. ओंजळबाबा सुरी न लावता बाईच्या छातीतली गाठ काढतात, टाका नाही की डाग नाही, असा बोलबाला होता. बाईने चादरीखाली झोपायचं, बाबांनी डोळे मिटून हात आत घालायचा आणि रक्ताळलेली गाठ ओंजळीत घेऊन बाहेर काढायची. डोळे मिटायचे ते मर्यादा म्हणून. इतका सभ्य चमत्कार कुणी पाहिला नव्हता.

रांगेत तोंडाला रुमाल बांधून एक सर्जन उभी होती. अशा गाठी काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. सुट्टीच्या दिवशी ती वस्त्यावस्त्यांतून बायकांना ‘गाठ लागली तर लपवू नका’ म्हणून सांगत फिरायची. आणि आज तिचीच मावशी बाबांच्या रांगेत होती. गाठ कॅन्सरची निघाली होती, अजून पसरली नव्हती. उद्या सकाळी ऑपरेशन.

“तू कापणार, ते नुसती काढणार,” मावशी म्हणाली. “त्यांना नाही जमलं तर तू आहेसच.”

“आणि जमल्यासारखं दिसलं तर?”

“मग तुझी उद्या सुट्टी.”

ओंजळीतली गाठ एकदा पाहिली की मावशी पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नव्हती. आतली गाठ मात्र कुणासाठी थांबणार नव्हती.

“मग आधी मी जाते. मलाही आहे.”

“तुला? कुठे?”

“पिशवीत,” सर्जन म्हणाली आणि पुढे झाली.

चादरीखाली तिने पिशवीतला रबरी स्तन छातीवर ठेवला. त्यात एक टणक गोळी होती. गाठ हाताला कशी लागते, हे शिकवायला ती तो सभांमधून फिरवायची.

बाबांनी मनगटावर ओला टॉवेल टाकला, डोळे मिटले, हात आत घातला.

“अंग गार पडलंय, माई. बाधा फार जुनी.”

“नवीनच आहे, बाबा. मागच्या महिन्यात घेतलंय.”

बाबा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. “मूळ पार काळजात गेलंय,” ते म्हणाले आणि गाठीला दटावलं, “निघतेस की ओढू?”

गाठीने विचार केला असावा. क्षणभराने लालभडक गोळा ओंजळीत आला. गोदाम गहिवरलं.

सर्जन उठून बसली. रबरी स्तन तिने मावशीच्या हातात दिला.

“दाब.”

मावशीने दाबला. “गाठ आहे की आत अजून.”

“मग बाबांनी काढली ती कुणाची?”

बाबांनी डोळे उघडले. “श्रद्धा कमी पडली की गाठ परत जाते.”

“रबरात?”

तोवर तिने बाबांचं मनगट पकडलं होतं. झटापटीत टॉवेल सुटला. घडीघडीत इवले फुगे बसवलेले, प्रत्येकात लाल रंग आणि कोंबडीच्या काळजाचा तुकडा. चादरीखाली नखाने फुगा फोडला की झालं.

“मावशी, तुझा नंबर अजून यायचाय,” सर्जन म्हणाली. “तुझी गाठ मात्र यांनी आधीच काढून ठेवलीय.”

मावशी हसली नाही. तिचा अंगठा रबरातल्या गोळीवरून हलत नव्हता.

“माझीही अशीच लागते.”

“हो. पण लहान आहे. म्हणूनच उद्या.”

मावशीने तो रबरी स्तन मागच्या बाईकडे दिला.

“धर. गाठ अशी लागते. लागली तर दवाखान्यात जा. आणि कुणी काढली म्हणालं, तर दाबून बघ.”