रेंजबाबा आणि एकोणतीसचा पाढा

गेला महिनाभर रोज व्हायचं तसंच आजही संध्याकाळी सातला शाळेच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. चारशे माणसं मांडी घालून बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात तांब्याची तार गुंडाळलेला फोन. समोर चौरंगावर रेंजबाबा. पांढरी दाढी, पांढरा झगा, पायात मात्र पळायचे बूट.

"बाळांनो," बाबा मध ओतल्यासारखे बोलू लागले, "वर उपग्रह, आत आत्मग्रह! मनात गर्दी, तर फोनात खरखर! घरातल्यांचे फोन झोपवून आलात ना? आता आपलेही झोपवा. वीस मिनिटं मौन!"

चारशे फोन पटापट बंद झाले. वीस मिनिटांनी बाबांनी शिंपीणबाईंना पुढे बोलावलं, त्यांचा एकटीचा फोन चालू केला, त्यावर काहीतरी पुटपुटले आणि फुंकर मारली. फोन लागला! परदेशातल्या मुलाचा आवाज असा खणखणीत आला, की मागच्या रांगेलाही ऐकू गेला. "आई, जेवलीस का गं?" एरवी संध्याकाळी 'हॅलो, हॅलो'च्या पुढे कधी न गेलेल्या शिंपीणबाई ढसाढसा रडायला लागल्या. पटांगणात जयजयकार झाला.

पाण्याच्या नळाला टेकून हा सगळा तमाशा बघणारी एक बाई मात्र हातातल्या यंत्राकडे डोळे फाडून बघत होती. वस्तीत तिला सगळे मोजणीवाली म्हणायचे. फोन कंपनीत तिचं कामच ते. गल्लोगल्ली हिंडायचं, दहा फोन लावायचे, किती लागले, किती मध्येच तुटले ते लिहायचं. कंपनीचा नियम असा, की मोजणी सर्वांत गर्दीच्या वेळी करायची. इथे कारखान्याची पाळी सुटते सातला, म्हणून सात ते सव्वासात. आणि महिनाभर त्या पंधरा मिनिटांत दहापैकी दहा फोन लागत होते. साडेसातला सहज लावून बघितलं, तर दोन!

कंपनीतल्या तिच्या साहेबांना मात्र साडेसातशी काही देणंघेणं नव्हतं. "नियमात सात लिहिलंय ना? मग सातला तुमची वस्ती पहिल्या नंबरात आहे. पाण्याच्या टाकीवर टॉवरचं दुसरं खोकं कशाला बसवायचं?" असं म्हणून त्यांनी साडेसातच्या आकड्यांचा तिचा कागद दोनदा परत पाठवला होता. इकडे बाबांनाही टाकीची तीच गच्ची मठासाठी हवी होती. उद्या सकाळी वस्तीच्या कमिटीत त्याचा निकाल लागणार होता.

मोजणीवालीचा जीव टांगणीला लागला होता, तो वेगळ्याच कारणाने. तिची धाकटी बहीण इथेच सासरी होती, नऊ महिने भरलेली. नवरा बोटीवर. दवाखाना बारा किलोमीटरवर. ऐन वेळी गाडी बोलवायला फोन लागलाच नाही तर? आणि बहिणीच्या सासूबाई तर बाबांच्या पहिल्या रांगेतल्या!

"काकू," मोजणीवाली वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "तुमच्या बाबांचं गुपित मला कळलं."

"गप्प बस गं! अजून मौन सुटायचंय."

"तेच तर गुपित आहे!" असं म्हणून ती हसत सुटली आणि तशीच तरातरा पुढे गेली. "बाबा, एकदा मी करून बघू?"

"तुझी साधना किती, मुली?"

"शाळेत पाढे पाठ केले होते."

लोक हसले. बाबा नाही म्हणणार, तोच कडेला उभा असलेला पाववाला ओरडला, "करू दे की! बाबांना कसली भीती?" आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

तिने शिंपीणबाईंना फोन बंद करायला लावलं आणि पाववाल्याला पुढे घेतलं. बाबांची सगळ्यात जास्त टिंगल हाच करायचा. त्याच्या फोनाला तारही नव्हती. तिने डोळे मिटले, हात वर केले आणि अत्यंत गंभीर आवाजात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" पुढचं काही केल्या आठवेना, म्हणून पुन्हा एकोणतीस एके. मग फुंकर. पाववाल्याने बहिणीला फोन लावला. लागला! पलीकडून ती खणखणीत म्हणाली, "माझी शिडी कधी परत करतोयस?"

पटांगण खो खो हसायला लागलं. बाबा हसले नाहीत.

"आता उलट करू," मोजणीवाली म्हणाली. "सगळ्यांनी फोन चालू करा आणि एकदम कुणाला तरी लावा. बाबा, तुम्हीही. तुमच्या फोनाला तर सात तारा आहेत."

चारशे बोटं एकदम चालली. आणि नुसता गलका. "लागत नाही!" "माझाही नाही!" शंभरात पंधरांचा लागला असेल, नसेल. बाबा कानाला फोन लावून उभे, आणि फोनातली बाई सर्वांना ऐकू जाईल अशी सांगत होती, "सर्व मार्ग व्यस्त आहेत."

"जादू तुमच्या हातात होती हो," मोजणीवाली म्हणाली. "हा टॉवर बसला तेव्हा वस्ती निम्मी होती. त्यात एका वेळी साठ बोलणी मावतात. एका दारातून चारशे माणसं एकदम बाहेर पडायला लागली, तर चेंगराचेंगरीच होणार. बाबा सगळ्यांना खाली बसवतात आणि एकालाच सोडतात. तो आरामात जातो. मग कौतुक दाराचं, की बाबांचं?"

"पण बाबांना हे कसं ठाऊक?" कुणीतरी विचारलं.

"सहा वर्षं आमच्याच तक्रार खात्यात होते ना! 'फोन बंद करून पुन्हा चालू करा' म्हणणारा तो आवाज मी आत्ता ओळखला."

लोकांनी चौरंगाकडे बघितलं. चौरंग रिकामा होता. पळायचे बूट कशासाठी, हेही सर्वांना कळलं.

आता लोकांना नवाच खेळ सापडला. जो तो फोन लावून बघतोय, टाळ्या देतोय. काकू तेवढ्या रुसून बसल्या होत्या. शेवटी त्यांनीही घरी सुनेला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ठेवा!" त्या किंचाळल्या. "फोन ठेवा रे सगळ्यांनी!"

पटांगण चिडीचूप झालं. फोन लागला.

"आई, कुठे आहात?" सून रडत होती. "अर्धा तास लावतेय! आधी तुमचे फोन बंद, ताईचाही बंद, मग सगळी लाइन बिझी! कळा सुरू झाल्यात हो!"

मोजणीवालीने आपला फोन काढून बघितला. गंमत करण्याच्या नादात तिनेही आपला फोन बंद ठेवला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण रडायला वेळ नव्हता. काकूंनी दवाखान्याला फोन लावला आणि तो लागावा म्हणून चारशे माणसं फोन बंद करून उभी राहिली. यावेळी कुणी मंत्र पुटपुटला नाही. का बंद करायचा, ते प्रत्येकाला माहीत होतं.

गाडी आली. नऊ वाजता मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

सकाळी कमिटीत साहेब चकचकीत तक्ता घेऊन आले होते. "सेवा शंभर टक्के उत्तम आहे, आमच्याकडे आकडे आहेत," असं त्यांनी सांगितलं.

काकू उठल्या. रात्रभर जागल्याने डोळे तांबारलेले.

"साहेब, बाबाने मला फसवलं, कारण मी कधी विचारलंच नाही, की असं का होतं? तुम्ही तर शिकलेले. तुम्हीही विचारलं नाहीत. सातला फोन लागतो आणि साडेसातला लागत नाही, एवढं या पोरीने लिहून दिलं होतं ना? आज साडेसातला या आणि माझ्यासमोर फोन लावून बघा. मग बोला."

साहेब तक्ता गुंडाळायला लागले.

"माझी नात काल वाचली, ती चारशे माणसं गप्प बसली म्हणून," काकू म्हणाल्या. "दर बाळंतपणाला मी चारशे माणसं कुठून गप्प बसवू? टाकीवर खोकं बसवा."