आठवी 'ब'ची गुणगुण

मावशी बदली शिक्षिका होती. एखाद्या शाळेतल्या बाई बाळंतपणाला गेल्या किंवा कुणा सरांचा पाय मोडला, की तिला बोलावणं यायचं. कायमची नोकरी सुटल्यापासून ती थोरल्या बहिणीकडे राहत होती. भावोजी मनाने वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. सकाळी चहा पिता पिता विचारायचे, "काय पर्यायी व्यवस्था, आज कुठे?" मावशी हसायची. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर हसणं भागच असतं.

या खेपेला बोलावणं आलं ते भाचीच्याच शाळेतून, आणि वर्गही नेमका तिचाच. ऐकून भाचीचा चेहरा पडला.

"मावशी, शाळेत मला ओळख दाखवू नकोस हं. प्लीज."

"नाही गं बाई. तिथे तू कोण नि मी कोण!"

मावशीने घरून काचेचा पेला रुमालात गुंडाळून नेला. पाण्यात उभी केलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते, हे पाहून आजवर प्रत्येक वर्गात निदान एक तरी पोर 'अरेच्चा!' म्हणालं होतं. इथे कुणी मान वर केली नाही. दोघं बाकाखाली पत्ते वाटत होते. एक मुलगी मैत्रिणीची वेणी घालत होती. मावशी फळ्याकडे वळली आणि गुणगुण सुरू झाली.

तोंडं मिटलेली, डोळे पुस्तकात, आणि मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज. ती ज्या बाकाजवळ जाई तो बाक गप्प होई, मागचा सुरू होई. "पुरे झालं!" ती ओरडली. आवाज चिरकला.

"पर्यायी बाई तापल्या," कुणीतरी कुजबुजलं आणि अख्खा वर्ग खिदळला.

मावशी जागच्या जागी थिजली. 'पर्यायी' हे नाव घरातल्या चहाच्या टेबलापलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती सावकाश खिडकीजवळच्या बाकाशी गेली. हा बाक मात्र गप्प झाला नाही. भाची खाली मान घालून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले होते, पण गळा थरथरत होता.

तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या. "काय बाजार मांडलाय? बाई, नावं सांगा. कोण आवाज करतंय?"

वर्ग चिडीचूप. भाचीने पहिल्यांदाच मावशीकडे पाहिलं.

"माझ्या लक्षात नाही आलं, मॅडम."

मुख्याध्यापिकांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. "अहो, इतकी वर्षं शिकवताय आणि एवढी पोरं आवरत नाहीत? उद्यापासून नका येऊ. मी बघते काहीतरी."

तास अजून संपला नव्हता. मावशी आत गेली आणि घंटा होईपर्यंत मागच्या भिंतीला शिकवत राहिली. पुन्हा सुरू झालेली गुणगुण थांबली नाही.

संध्याकाळी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असताना भाची शेजारी येऊन बसली.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय झालं असतं?"

"रागावायचंस तरी. सगळे म्हणाले, या बाईंत काही दमच नाही. मला कसंतरीच झालं." ती घुटमळली. "मावशी, तू सोडून दे ना हे. तुला नाही जमत."

खोडसाळपणाने म्हणाली असती, तर मावशीने तिचा कान धरला असता. पण पोरीच्या डोळ्यांत खरीखुरी दया होती. मावशीने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"काय चाललंय गं दोघींचं?" स्वयंपाकघरातून बहिणीने विचारलं.

"काही नाही, ताई."

भाचीच्या शाळेतलं काम एकाच दिवसाचं होतं, असं तिने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुठूनच बोलावणं नव्हतं. तरी तिने नेहमीसारखी साडी नेसली, डबा भरला.

"आज कुठली शाळा?" बहिणीने विचारलं.

"आहे एक. लांब आहे."

ती सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसली. निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत तिने वर्तमानपत्र उघडलं. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. बऱ्याच वेळाने शेजारचे आजोबा म्हणाले, "बाई, ते पान वाचून झालं असेल तर द्या."

तिने सगळंच वर्तमानपत्र त्यांच्या हाती दिलं, आणि शाळा सुटायची वेळ होईपर्यंत रिकाम्या हातांनी बसून राहिली.