बर्गनमधलं ऊन

ऑस्लोहून रेल्वेने बर्गनला उतरलो, तेव्हा पुढच्या बसला दोन तास होते. मला फक्त धक्क्यावर उन्हात बसून समुद्र बघायचा होता. आठवडाभराच्या पावसानंतर त्या दिवशी ऊन पडलं होतं आणि सगळं गाव बाह्या वर करून धक्क्यावर पसरलं होतं.

आमचे हे मात्र सावली शोधत होते. बहरीनला, अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात अठरा वर्षं काढली की माणूस ऊन दिसताच पळतो.

"अहो, बारा डिग्री आहे इथे."

"ऊन ते ऊन. तो बघ मॉल. चल, यल्ला."

"मॉल आपल्या सनाबिसला घरासमोर आहे. त्यासाठी व्हिसा काढला का?"

"मम्मी, डोन्ट स्टार्ट," मैत्री म्हणाली.

एक तास मॉलमध्ये गेला. मग यांच्यावर लेक आणि बॅगा सोडून मी एकटीच धक्क्यावर जाऊन बसले. दहा मिनिटांत माझ्यावर सावली पडली. मागे हे छत्री धरून उभे, आणि त्यांच्या मागे बॅगा ओढत मैत्री.

"डोकं दुखेल तुझं," हे म्हणाले.

मी छत्री काढून घेतली, मिटली आणि यांना शेजारी बसवलं. यांनी तळहात उन्हात धरून बघितला.

"चटका नाही गं याला," म्हणाले, आणि जॅकेटची चेन उघडली.