बर्फ कसा होता

“याला कॉफी म्हणायचं?” कागदी पेल्यात डोकावत निल्लास पुटपुटला. “कुणीतरी मोजे पिळलेत यात.”

आणि इकडेतिकडे बघून त्यानं ती दवाखान्याच्या खिडकीतल्या कुंडीत ओतली. रिस्तेननं पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढी सवय होते. हिवाळाभर तो तिला गाडीनं इथं आणत होता. तिला दारात सोडायचं आणि स्वतः गाडीत बसून रेडिओ ऐकायचा. आज मात्र डासांनी त्याला गाडीतून हुसकून लावलं होतं. जूनमधले डास कुणाची भीड ठेवत नाहीत.

“आता आलाच आहेस तर चल आत,” ती म्हणाली.

“मला काय झालंय?”

“कान सुजलाय.”

तेवढ्यात माग्गा आली. ही इथली मनाची डॉक्टर. वयानं मुलीसारखी, अंगात लोकरीचा जुना स्वेटर, आणि बोलणं रेनडिअर पाळणाऱ्या त्यांच्याच लोकांच्या सामी भाषेतलं. फक्त नदीपलीकडच्या फिनलंडच्या बाजूचा हेल लावून.

“मागच्या तंबूत बसू आज, मावशी. धुरात डास नसतात. काका, तुम्हीही या. तिथली कॉफी मी स्वतः उकळते.”

निल्लासनं कुंडीकडे एकदा पाहिलं आणि तो उठला. कॉफीसाठी उठला, असंच त्या दोघींनी धरून चालायचं होतं.

माग्गाच्या आधी रिस्तेन किनाऱ्यावरच्या शहरात दुसऱ्या डॉक्टरकडे गेली होती. नोव्हेंबरात तिचा मुलगा मिक्काल गोठलेल्या तळ्यात गेला. त्यानंतर ती चुलीसमोर बसायची ती बसूनच राहायची. कातडी वाळवायची राहिली, भाकरी थापायची राहिली, तेव्हा गावच्या परिचारिकेनं तिला तिकडे पाठवलं. डॉक्टर भला माणूस होता. तो नॉर्वेजियनमधून विचारी, टेबलावरच्या फोनमधून दुभाषीण ते सामीत सांगे. पहिल्याच दिवशी फोनमधला आवाज रिस्तेननं ओळखला. निल्लासची चुलत बहीण एल्ले! ही भाषा बोलणारी माणसं ती किती, आणि त्यांतून दुभाष्याचं काम करणारी किती. नात्यातलं कुणी निघायचंच.

डॉक्टरनं विचारलं, मुलाचा राग येतो का. एल्लेनं फोनमध्ये घसा खाकरला आणि म्हणाली, “तो विचारतोय, बरी आहेस ना. आणि निल्लासचे गुडघे कसे आहेत? हे मी विचारतेय.”

“बरे आहेत,” रिस्तेन म्हणाली.

एल्लेनं नॉर्वेजियनमध्ये काय सांगितलं कोण जाणे, डॉक्टरनं मान हलवली.

मग दुभाषीण नको, असं रिस्तेननंच सांगितलं. नॉर्वेजियन तिला येतच होतं. वसतिगृहाच्या शाळेत ते चांगलं घोटून घेतलं होतं. पण त्या भाषेत शिरलं की ती पुन्हा त्या शाळेतली मुलगी होई: हात बाकावर, विचारलं तेवढंच उत्तर, आणि उत्तर बरोबर असलं पाहिजे. काय झालं होतं? बर्फ खराब होता. म्हणजे अपघात? हो, बर्फ खराब होता. वाक्य बरोबर होतं. डॉक्टर थोडा थांबे, तिच्या आत काहीतरी हलायला लागे, आणि तेवढ्यात बिचाऱ्याला ती शांतता सोसत नसे. तो पुढचा प्रश्न विचारी. विचारलेला प्रश्न जरा वेळ पडू द्यावा, मुरू द्यावा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच्याकडून परतताना ती येतानापेक्षा जास्त एकटी असे.

माग्गाकडे पहिल्या दिवशी प्रश्न रिस्तेननंच विचारले होते.

“कुणाची तू?”

माग्गानं सांगितलं. आईकडून अशी, आजीकडून तशी, आजीच्या भावाचा कळप अमक्या डोंगराखाली.

“थांब. तुझ्या आजीच्या त्या भावानं माझ्या बापाला ओढीचा रेनडिअर विकला होता. लंगडा निघाला तो!”

“आमच्याकडे सांगतात, धडधाकट दिला होता. तुमच्या वडिलांना हाकता आला नाही.”

त्या दिवशी रिस्तेन हसली होती. नंतर घाबरून तिनं तोंडावर हात ठेवला होता, पण हसली होती. तेव्हापासून ती माग्गाची मावशी झाली. दोघी कितीतरी विषय बोलल्या; मिक्कालचं लहानपण, वसतिगृह, कळप. तळ्याच्या काठापर्यंत येऊन मात्र रिस्तेन दर वेळी मागे फिरे, आणि माग्गा तिला फिरू देई.

तंबूत मधोमध चूल होती, भोवती बर्चच्या डहाळ्या अंथरून वर रेनडिअरची कातडी टाकलेली. माग्गानं निल्लासला काही विचारलं नाही; लाकडं त्याच्याकडे सरकवली. हातात काम आल्यावर त्याचे खांदे खाली आले. कॉफी उकळली. माग्गानं रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या पेल्यात चीजचे तुकडे टाकले. निल्लासनं घोट घेतला, आणि त्याला नाव ठेवायला काही सापडलं नाही.

“पुढच्या आठवड्यात वासरांचे कान कापून मालकांच्या खुणा पाडायच्या असतील,” माग्गा म्हणाली.

“हो.”

लाकूड तडतडलं.

“मिक्कालच्या माद्या व्यायल्यात,” रिस्तेन म्हणाली. “चांगल्या व्यायल्यात. वासरं आयांमागे हिंडतायत. याला विचारते, त्यांच्या कानावर खूण कुणाची पाडायची? मिक्कालची, की आणखी कुणाची? हा म्हणतो, बघू. खुणेविना राहिलेलं वासरू शरद ऋतूत कुणाचंही होतं. तरी बघू.”

निल्लास लाकूड उलटंसुलटं करत राहिला.

“त्याची खूण पाडली तर तो आहे असं होतं,” ती म्हणाली. “नाही पाडली तर...”

चुलीवरून धूर सरळ वर गेला, मग वाकला. बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि ते कुणाला खटकलंही नाही. मग माग्गानं अगदी हलक्या आवाजात, हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं,

“बर्फ कसा होता, मावशी?”

खराब होता, असं म्हणायला रिस्तेननं तोंड उघडलं. पण आपल्या भाषेत, आपल्या माणसासमोर, चुलीपाशी बसून तेवढंच म्हणता येईना. नुसतं ‘खराब’ हे परक्याला सांगायचं. तळ्यांवरून जन्मभर कळप नेलेल्या बाईला कुणी बर्फ कसा होता विचारलं, तर तिनं तो नीट सांगायचा असतो. पुढच्या माणसाचा जीव त्यावर असतो.

“थंडी आधी पडली त्या वर्षी. हिम नंतर,” ती सांगू लागली. “कोरड्या थंडीत धरलेला बर्फ. काठाला चांगला होता, माणूस चालेल, रेनडिअर चालेल. मग हिम पडलं आणि पांघरूण झालं. पांघरुणाखाली बर्फ वाढत नाही, नुसता झोपतो. उत्तरेकडून ओढा उतरतो ना, तिथं तर पाणी हलतं असतं, तिथं तो कधीच धरत नाही. मिक्कालला मी दाखवलं होतं. एवढासा होता. म्हटलं, हिम असेल तर काठीनं ठोकून बघ. ठोकायला काठी नसेल तर जाऊच नको. आणि पडलासच तर घाबरायचं नाही. सुरी काढायची, पुढच्या बर्फात रोवायची आणि पोटावर सरकत यायचं. अंगणात करून घेतलं होतं त्याच्याकडून. इतका हसायचा. पुन्हा पुन्हा पडायचा.”

तिनं पेला खाली ठेवला.

“आणि त्या दिवशी तर हिम नव्हतंच. रात्री वारं होतं. ओढ्याच्या तोंडाशी सगळं झाडून नेलं होतं वाऱ्यानं. काळा होता बर्फ तिथं. काळा, ओला. दुपारचं ऊन होतं. काठावरून...”

ती थांबली. काठावरून लहान मूलही ओळखेल, हे वाक्य जिभेपर्यंत येऊन तसंच राहिलं. सहा-सात महिने सगळं गाव म्हणत होतं, बर्फानं नेला. पाद्री म्हणाला, शेजारी म्हणाले, एल्ले दुकानात मिठी मारून म्हणाली. त्याला वर काढला तेव्हा कमरेला पट्टा नव्हता, सुरी नव्हती. पाण्यात सुटली असेल, असंही सगळेच म्हणाले. तीही म्हणाली.

माग्गानं घाई केली नाही. बाजूच्या फळीवर वाळवलेलं मांस ठेवलं होतं ते तिनं पुढे ओढलं.

“काका, तुमची सुरी देता?”

निल्लासचा हात कमरेच्या सुरीकडे गेला. तिथं थोडा रेंगाळला. मग त्यानं तो उचलून कोटाच्या आत घातला, पार खोल, आणि बाहेर काढला तो गुंडाळलेला चामडी पट्टा. पट्ट्याला म्यान होतं. म्यानात शिंगाच्या मुठीची सुरी. मूठ रिस्तेनच्या बापानं कोरलेली होती; नातवासाठी.

कुणी मांस कापलं नाही.

“काठावरच्या बर्चला टांगलेला होता,” निल्लास चुलीकडे बघत म्हणाला. “नीट टांगलेला. बक्कल लावून. बाकीचे यायच्या आत मी काढून घेतला.” त्यानं एक लाकूड चुलीत सरकवलं. “गाडीत असतो माझ्याबरोबर. तू आत असतेस तेव्हा.”

रिस्तेननं हात पुढे केला. पट्टा घेतला, मांडीवर ठेवला, कोरलेल्या मुठीवरून अंगठा फिरवला. चामडं निल्लासच्या अंगानं ऊबदार झालं होतं.

“मला वाटायचं, मला एकटीलाच ठाऊक आहे,” ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. धुरानं असेल, त्याचे डोळे लाल झाले होते. ती कातड्यावरून त्याच्याकडे सरकली, त्याच्या सुजलेल्या कानापाशी तोंड नेलं. पण बोलली ती तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“बर्फानं नाही नेला, निल्लास. आपल्या मिक्कालनं जीव दिला.”