लाल पट्टी

काचेच्या काउंटरवर तेरा स्क्रू होते. मोतीरामने दोनदा मोजले. बारा काळे, एक चांदीसारखा, आणि तो बाकीच्यांपेक्षा आखूड. स्क्रूंच्या शेजारी मोबाईलचं मागचं झाकण, सिमचा ट्रे, नखाएवढा स्पीकर आणि चपटी बॅटरी. सगळं काढून झाल्यावर मागे उरला होता बोर्डाचा हिरवा पत्रा, आणि त्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक कागदी पट्टी. लाल.

“ही पट्टी कंपनीतून पांढरी येते, काका,” चिमट्याचं टोक तिच्यावर टेकवत प्रज्वल म्हणाला. बुलढाण्याच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये मोबाईल उघडायचं काम त्याचं. “पाणी लागलं की लाल होते. तुमची लाल आहे.”

“किती पानी?”

“म्हणजे?”

“म्हंजे थेंब, का पेला, का बादली? मापाले आकडा असते ना, बापा.”

“आकडा नसतो. लाल म्हणजे लाल.”

पलीकडून अनुपमाने संगणकावरून मान न उचलता पुढचं सांगितलं. ती काउंटरवरचे फॉर्म बघायची. पाण्याने बिघडलेला मोबाईल वॉरंटीत बसत नाही. बोर्ड बदलायचा तर सहा हजार नऊशे चाळीस. बदलायचा नसेल तर तसाच परत मिळेल, पण दोन्हीसाठी इथे सही लागेल. तिने कागद सरकवला. मोतीरामने चष्मा लावला आणि छापील ओळ वाचली: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे उपकरण पाण्यात भिजले, हे मला मान्य आहे.’

“भिजलाच नाई, तं मान्य काऊन करू?”

“सहीशिवाय मोबाईल देता येत नाही, काका.”

“माहा मोबाईल. साडेसोळा हजार मोजले म्या. अन् तो वापस न्याले मी खोटं लिहून देऊ?”

प्रज्वल हसला. वाईट हेतूने नाही, दिवसातून दहादा हसावं लागतं तसा. “काका, इथं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. परवा एकाच्या मोबाईलमधून मासोळी निघायची तेवढी बाकी होती. तोही म्हणत होता, पाणी नाही.”

मागच्या बाकावर बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं. मोतीरामची कानशिलं तापली. मोबाईल बिघडल्याचा राग त्याला चार दिवसांपासून होताच, पण हा राग वेगळा होता.

एकवीस वर्षं मोतीराम मोताळ्याच्या धान्य बाजारात एका अडतीवर एकच काम करत होता. शेतकऱ्याचा माल आला की पोत्यातून मूठभर सोयाबीन काढायचं, यंत्रात टाकायचं आणि ओलावा सांगायचा. बाजारात त्याला सगळे मॉइश्चरच म्हणत. बाराच्या आत निघालं तर भाव पूर्ण, वर गेलं की पॉइंटामागे कपात. यंत्र यायच्या आधी तो दाणा दाढेखाली फोडून सांगायचा, आणि यंत्र आल्यावर त्याची दाढ अर्ध्या पॉइंटाच्या वर कधी चुकलेली निघाली नव्हती. यंत्राचं तोंड तो आधी शेतकऱ्याकडे फिरवायचा. आकडा आधी माल ज्याचा त्याने बघायचा, मग अडत्याने. अडतीच्या मालकांना ते आवडत नसे. यंत्र आधी आपल्याकडे फिरवावं, असं त्यांनी एकदा सुचवूनही पाहिलं होतं. मोतीराम म्हणाला होता, मंग दुसरा मानूस पाहा. त्यांनी पाहिला नाही.

अशा माणसाला ओलाव्यावरून खोटारडा ठरवलं होतं, आणि तेही आकडा न दाखवता.

“मले नवी पट्टी द्या,” तो म्हणाला.

“कशाला?”

“तुमचं माप तपासतो.”

प्रज्वलने खणातून पट्ट्यांचा कागद काढला आणि त्यातल्या चार कापून दिल्या. “घ्या. घरी पाणी टाकून बघा. सात दिवस तुमची तक्रार उघडी राहील. नंतर सिस्टिम आपोआप बंद करते.”

मोतीरामने त्या चार पट्ट्या पाकिटात बसच्या तिकिटासोबत ठेवल्या आणि सही न करता बाहेर पडला. घाट उतरेपर्यंत शेजारच्या प्रवाशाला त्याने सगळी हकीकत सांगितली. तो मोताळ्याचाच निघाला, आणि तिथेच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी बाजारात शेतकरी भगवानराव सतरा पोती घेऊन उभे होते. पोरवयापासूनची ओळख, त्यामुळे जीभ मोकळी.

“काय बे मोतीराम, तुह्या मोबाईलचं मॉइश्चर किती निघालं?”

हमाल हसले. मोतीराम मूठभर दाणे यंत्रात टाकत राहिला.

“कट किती लागला म्हणे? सात हजार? आमचे क्विंटलामागं दीडशे कापले तं तू म्हणतं, नियम हाये. मंग तुले काऊन झोंबून राह्यलं?”

“तुमाले आकडा दाखवून कापते. मले आकडाच नाई दाखवला.” त्याने यंत्र फिरवलं. “पाहा. चौदा पूर्णांक एक.”

भगवानरावांनी आकडा पाहिला. “हाव. दिसला. आकडा पाह्यला म्हणून कापलेलं वापस येते का?”

मोतीरामने यंत्राचं झाकण गरजेपेक्षा जोरात आपटलं आणि पुढच्या पोत्याकडे वळला.

संध्याकाळी जेवताना तो हेच सगळं बायकोला, वच्छलाबाईला, सांगत होता. भाकरी ताटात तशीच होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती पट्टीच बोगस होती. घामाने लाल होत असेल, खिशातल्या उष्णतेने होत असेल, मग ते सगळे मिळून एकाला खोटं पाडत असतील.

“खिशातल्या घामानं कशी होईन?” वच्छलाबाई म्हणाली. “मोबाईल तुमच्या खिशात असते कधी? तो तं डब्यात असते.”

हे खरं होतं. हंगामात बाजारात इतकी धूळ आणि भुसा उडतो की आधीच्या मोबाईलचा स्पीकर दोन महिन्यांत बुजला होता. म्हणून नवा घेतल्यापासून मोतीराम तो नमुन्याच्या डब्यात ठेवायचा. शेतकऱ्याने आकड्यावर हरकत घेतली तर पुन्हा तपासता यावं म्हणून प्रत्येक दिवसाचं थोडं सोयाबीन एका स्टीलच्या डब्यात राहायचं. त्यावर मोबाईल आणि वरून घट्ट झाकण. बाजारातून गावापर्यंत चौदा किलोमीटर धुळीच्या रस्त्यानेही तो डब्यातच यायचा आणि कधी कधी सकाळपर्यंत तिथेच राहायचा. फोन आला की वच्छलाबाई आतून ओरडायची, अहो, तुमचा डबा बोलून राह्यला.

“मंग? सोयाबीन काय पानी सोडते?” मोतीराम म्हणाला. “धान्य पानी पेते. आपल्या छकुलीचा मोबाईल हौदात पडला तं तूच तांदळात ठेवला होता ना? झाला का नाई चालू?”

“ते तांदूळ वाळेल होते. तुमचं सोयाबीन वलं असते.”

“एकवीस वर्षं झाली मले. तू मले मॉइश्चर शिकवू नको.”

तो ताटावरून उठला. हात धुताना त्याने तांब्या इतका जोरात ठेवला की शेजारच्यांनी विचारलं, काय पडलं.

त्यामुळे त्या चार पट्ट्यांना आता दोन जणांना खोटं पाडायचं होतं, प्रज्वलला आणि वच्छलाबाईला. बुधवारी मोतीरामने काम नीट केलं. पहिल्या पट्टीवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला. पाच मोजायच्या आत ती लाल झाली. तेवढं तरी खरं होतं, आणि त्याचाही त्याला रागच आला. मग त्याने एकाच मापाचे तीन डबे घेतले आणि मोबाईलच्या आकाराचे पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापून प्रत्येकावर एक पट्टी चिकटवली. पहिला डबा रिकामा. दुसऱ्यात गेल्या वर्षीचं उन्हात वाळवलेलं सोयाबीन, नऊ पूर्णांक चार. तिसऱ्यात त्या दिवशी आलेलं नवं. ते त्याने यंत्रात तीनदा टाकलं. सतरा पूर्णांक आठ, सतरा पूर्णांक सात, सतरा पूर्णांक आठ. दाण्यांवर पुठ्ठे ठेवले, झाकणं लावली, आणि वहीच्या कागदावर लिहिलं: बुधवार, चार वाजता.

डबे त्याच्यासोबत नेहमीसारखेच फिरले. संध्याकाळी गाडीवर, रात्री घरच्या फरशीवर, दिवसा पत्र्याखाली बाजारात. गुरुवारी चार वाजता तिन्ही पट्ट्या पांढऱ्या होत्या. शुक्रवारी सकाळी पांढऱ्या. त्याने नव्या सोयाबीनचा डबा वच्छलाबाईच्या नाकापुढे धरला.

“पाहा. वलं सोयाबीन म्हणे.”

तिने पाहिलं आणि पोळी उलटली. तो दिवसभर प्रज्वलला काय बोलायचं ते जुळवत राहिला. सुरुवात कुठून करायची, मासोळीवर कधी यायचं, त्या बाकावरच्या हसणाऱ्याला काय ऐकवायचं, सगळं ठरलं.

शुक्रवारी रात्री गार वारा सुटला. शनिवारी सकाळी सहा वाजता त्याने तिसरा डबा उघडला तर झाकण आतून ओलं होतं. सुईच्या टोकाएवढे थेंब, दाटीने बसलेले. झाकण तिरपं होताच त्यातले दोन एकत्र आले आणि काठाकडे ओघळले. त्याने बोट फिरवलं. बोट ओलं झालं. पुठ्ठ्यावरची पट्टी लाल होती.

त्याने झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. मग दुसरा डबा उघडला. पांढरी. रिकामा उघडला. पांढरी.

रागाला जायला जागाच उरली नाही. सोयाबीनवर चिडावं तर ते जसं होतं तसंच होतं. दिवसा डब्यात उबेला बसलेली ओल रात्रीच्या गारव्याने झाकणाला धरली होती, इतकं साधं. एकवीस वर्षं त्याने प्रत्येक दाण्यात पाणी किती ते सांगितलं होतं. ते पाणी बाहेर येऊन कुठे जातं, हे एकदाही विचारलं नव्हतं. वच्छलाबाई मागे येऊन उभी राहिली. तिने झाकण पाहिलं, पट्टी पाहिली, आणि चहा गाळायला वळली. त्यामुळे तो जास्तच पेटला.

“बोल ना. बोलून टाक.”

“काय बोलू? चहा घ्या.”

चहा अर्धा झाल्यावर ती हळूच म्हणाली, “डब्याचं तिथं सांगाले कोन येते? ही लाल पट्टी दाखवा अन् म्हणा, खिशात ठेवली होती, घामानं झाली. मंग ते काय म्हणतीन? त्यायचीच पट्टी, त्यायचंच माप. फुकट करून देतीन.”

हे चाललं असतं. मोतीरामला ते लगेच दिसलं. त्याने जुळवलेलं सगळं भाषण एका शब्दाच्या फरकाने, डब्याऐवजी खिसा, जसंच्या तसं कामी आलं असतं. सात हजार वाचले असते. त्याने तिन्ही पुठ्ठे वर्तमानपत्रात गुंडाळले.

“साडेआठची गाडी हाये,” तो म्हणाला.

सर्व्हिस सेंटरमध्ये शनिवारची गर्दी होती. प्रज्वलने त्याला लगेच ओळखलं. “काय काका, पट्टी काय म्हणाली?”

मोतीरामने तीन पुठ्ठे काउंटरवर मांडले आणि शेजारी वहीचा कागद ठेवला. कुठला डबा, कुठलं सोयाबीन, किती तास, सगळं क्रमाने सांगितलं. झाकणावरचे थेंबही सांगितले. प्रज्वल आधी उभा होता, मग काउंटरवर कोपर टेकवून ऐकू लागला. त्याने पुठ्ठा उचलून उजेडात धरला.

“म्हणजे पाणी होतंच, काका.”

“होतं.”

“मग आम्ही बरोबर.”

“तुमी बरोबर नाई.” मोतीरामचा आवाज चढला. “तुमी म्हनलं, यानं भिजवला अन् खोटं बोलून राह्यला. मी भिजवला नाई. अन् खोटं बी बोललो नाई. डबा बंद होता, पानी त्याच्यात झालं. मले मालूम नव्हतं, आता मालूम झालं. मी तुमाले माहा डबा उघडून दाखवला. तुमी काय दाखवलं? लाल म्हंजे लाल.”

प्रज्वलने पुठ्ठा खाली ठेवला. अनुपमाने तोच फॉर्म छापून काढला होता. “बोर्ड बदलायचा आहे का, काका?”

“नाई. तसाच द्या. पन हे वाक्य बदला.”

“सिस्टिममध्ये एवढंच वाक्य येतं. साहेब पण बाहेर गेलेत.”

“मंग साहेब येऊ द्या.”

“ओ भाऊ, सही करा ना,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमाले गाडी पकडाची हाये.”

मोतीरामने मागे वळून पाहिलं नाही. खिशातला पेन काढला आणि छापील ओळीवर आडवी रेघ मारली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“काका, फॉर्मवर खाडाखोड चालत नाही,” अनुपमा म्हणाली.

“खाडाखोड नाई. दुरुस्ती हाये.”

तिने प्रज्वलकडे पाहिलं. प्रज्वल मोबाईलचं झाकण बसवत होता, त्याने मान वर केली नाही. मोतीरामने आधी खाली सही केली, मग रेघेच्या वर, बाजारातल्या पावतीवर लिहितो तशा सुट्या गोल अक्षरांत, सावकाश लिहिलं:

नवे सोयाबीन, ओलावा १७.८ टक्के, बंद डबा, पट्टी ६२ तासांत लाल. जुने सोयाबीन, ओलावा ९.४ टक्के, बंद डबा, ६२ तासांनी पांढरी. रिकामा डबा, ६२ तासांनी पांढरी.