सूर्यावरचा डाग ढकलणारे महाराज

नथ्थूनानांच्या वावरात अख्खं गाव लोटलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये अंधार केलेला. छताच्या भोकात तिरपा अडकवलेला तांब्याचा कमंडलू, आणि समोर टांगलेल्या धोतरावर ताटाएवढा सूर्य! त्या सूर्यावर काळा ठिपका.

"देखो, देखो!" सूरजगिरी महाराज गरजले. "सूर्यनारायणाला लागलेला हा डाग. ह्याचीच सावली तुमच्या केळीवर पडली. काल डाग तिथे होता, आज इथे आला. कोणी ढकलला?"

"महाराजांनी!"

"काठाबाहेर काढतो. डाग गेला की रोग गेला. तोवर एक रोप उपटायचं नाही, नाहीतर शाप जमिनीत मुरेल!"

नारळ फुटले. शेजारच्या वावरातल्या हितेंद्रचं डोकंही फुटायचं बाकी होतं.

नानांच्या केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला होता. पानांवर पिवळे पट्टे. ह्या रोगाला औषध नाही. रोगट रोप उपटून गाडायचं, बस. नाहीतर मावा ही बारीक कीड रोगट रोपाचा रस पिऊन शेजारच्या रोपावर जाते. आणि नानांच्या बांधाला लागूनच हितेंद्रचं वावर. यंदा पहिल्यांदा टिश्यूची, प्रयोगशाळेत वाढवलेली महागडी रोपं लावलेली.

"नाना, उपटा हो. मावा काही महाराजांना विचारून उडत नाही."

"तू चूप बस रे भो! डाग सरकू राहिला, मी माह्या डोयानं पाह्यलं. तुले दिसत नही का?"

हीच तर पंचाईत. डाग खरंच सरकत होता. त्यानं गाडीला किक मारली आणि फैजपूर गाठलं. शाळेत त्याला विज्ञान शिकवणाऱ्या सादिया मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडम हसायला लागल्या. "सरकणारच ना! सूर्य स्वतःभोवती फिरतो. डाग त्याच्यावरच, मग तोही फिरतो. तिथे जरा कमी गरम असतं म्हणून काळं दिसतं, एवढंच. पंधरवडाभर आपल्या बाजूला, मग पाठीमागे."

"पण सूर्याला फिरवतं कोण?"

"कोणी नाही. ज्या वायू-धुळीच्या ढगातून सूर्य झाला, तो ढगच हळूहळू गरगरत होता. आक्रसला तसा वेग वाढला. गिरकी घेताना हात अंगाशी घेतले की वेग वाढतो ना, तसंच. वर पोकळीत त्याला अडवायला जवळपास काहीच नाही, म्हणून अजून फिरतोय. आणि तो दगडासारखा घट्ट नाही, त्यामुळे मध्यावर लवकर फिरतो, टोकांकडे सावकाश."

"आणि कमंडलू?"

"त्यात काय असेल ते मी येऊन दाखवते."

त्याच वेळी महाराजांना बोदवडचं आमंत्रण आलं. जाताना त्यांनी धोतरावरच्या डागाभोवती कोळशानं गोल केला, फुंकर मारली. "बांधून ठेवला. मी येईपर्यंत हलणार नाही." आणि कमंडलू काखेत मारून गेले.

दोन दिवसांनी, त्याच वेळेला, मॅडमनी त्याच भोकात आपली दुर्बीण बसवली. एका नळीवर झाकण, दुसरी सूर्याकडे. "डोळा लावू नका कोणी, आंधळे व्हाल. धोतरावरच बघायचं."

तोच सूर्य उतरला. डाग कोळशाच्या गोलातून केव्हाच निसटून काठाकडे गेलेला. आणि दुसऱ्या काठावर नवाच ठिपका डोकावत होता.

"म्हणजे त्या कमंडलूत दुर्बीण व्हती?" नानांची बायको मंदाबाई कडाडली. "अन् मी तिले रोज तुपातलं जेवण वाढू राहिली व्हती!"

तेवढ्यात महाराज परतले. धोतर पाहिलं, आणि पापणी न हलवता म्हणाले, "बोदवडहूनच ढकलला मी!"

अर्ध्या लोकांनी परत हात जोडले! हितेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बांधून गेला होतात ना?"

"भक्तांसाठी सोडला."

"मग हा नवा डाग कोणी आत घेतला?"

"तुझ्या पापानं आला, बेटा."

नाना उठले, महाराजांच्या काखेतून कमंडलू ओढला आणि उलटा केला. बुडाला पाडलेलं भोक, आत चिंध्यांत गुंडाळलेली जत्रेतल्या दुर्बिणीची अर्धी नळी.

महाराज सटकले. पण मावा कुठे सटकला होता? नानांनी मजूर लावून बठ्ठी, झाडून सगळी केळी उपटली. हितेंद्रलाही बांधालगतच्या तीन ओळी स्वतःच्या हातानं काढाव्या लागल्या. कोवळी रोपं, पिवळ्या पट्ट्यांची. पंधरवड्यापूर्वी नानांनी पाच-पन्नास रोपं काढली असती तर भागलं असतं.

"पोरा, माह्यं चुकलं," खड्ड्यापाशी नाना म्हणाले. हितेंद्र रोपांवर माती लोटत राहिला. त्याला अजून राग होता, आणि तो बरोबरच होता.

तर बाबांनो, डाग सरकतो हे खरं. पण सरकताना दिसलं म्हणजे समोर उभ्या माणसानंच सरकवलं, असं होतं का? त्याला दोन दिवस दूर ठेवा आणि मग बघा. आणि रोग पानावर असेल तर पान उलटून बघा. सूर्य कोणासाठी थांबत नाही, तसा मावाही थांबत नाही.