चिमटीत येईल तेवढं

कारागिराने फोमचा तुकडा कापून लाकडी स्टुलावर ठेवला आणि तळहाताने दाबून पाहिला.

"बस आता."

मुलगी बसली. थोडी डावीकडे सरकली, मग उजवीकडे. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"टोचतंय?"

"हाडच लागतं थेट."

"अगं, हा सगळ्यात घट्ट फोम आहे. यावर शंभर किलोचा माणूस दहा वर्षं बसतो."

"शंभर किलोच्या माणसाला स्वतःची गादी असते, बाबा."

तो हसला. त्याने घट्ट फोमवर मऊ फोमचा एक थर चिकटवला आणि पुन्हा तिच्यासमोर ठेवला. सोफे आणि खुर्च्या शिवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पण बसणाऱ्याच्या अंगावरच काही उरलं नाही म्हणून गादी करून द्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम चढवायच्या आणि उतरवायच्या. संध्याकाळी ती जिमला जायची. तीन आठवड्यांनी शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती. मंचावर उभं राहिल्यावर स्नायूची रेघ न् रेघ दिसायला हवी, आणि त्यासाठी अंगातली चरबी दहा टक्क्यांवर आणायची होती. ती बाराच्या खाली आली होती आणि तिथेच अडकली होती.

"शेवटचं सगळ्यात अवघड असतं," ती म्हणाली. "शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. ते धरून बसतं."

"मग धरू दे की."

"बाबा."

"नाही, सहज म्हटलं."

दुपारची वेळ होती, पंखा चालू होता, आणि तिच्या अंगात स्वेटर होता. उठताना तिने आधी भिंतीला हात लावला, मग उभी राहिली, मग थोडा वेळ थांबली. हे आता रोजचं झालं होतं. कंगव्यात केस राहत होते. रात्रीची झोप तुटत होती. अंड्याचा पांढरा भाग आणि उकडलेली भाजी खाताना ती फोनवर दुसऱ्यांचा स्वयंपाक बघत बसायची, फोडणी तडतडलेली ऐकायची. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकावर ती खेकसली होती आणि नंतर दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडली होती. हे तिनेच सांगितलं होतं, हसत.

लहानपणी तिच्या मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या होत्या. आईने तिचं नाव ढबू ठेवलं होतं. आई गेल्या वर्षी गेली, पण नाव राहिलं.

"जेवलात?" दारातून तिने विचारलं.

"हो, इथेच गाळ्यावर. तू?"

"मीही."

आई गेल्यापासून दोघांचं हे बोलणं रोज असंच व्हायचं. त्यात काही बदलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला रेक्झिनचे जुने नमुने बघायचे होते. ते घरी, मुलीच्या खोलीतल्या दिवाणात होते. दिवाण त्यानेच केलेला. त्याने गादी बाजूला केली, फळी उचलली. नमुन्यांच्या पुस्तकावर चार-पाच पाकिटं रचून ठेवलेली होती. एकाचंही तोंड फोडलेलं नव्हतं.

ती पाकिटं त्यानेच आणली होती. बायको असताना महिन्याच्या सामानाबरोबर मुलीचं तेही ती आणायची. ती गेल्यावर पहिल्या महिन्यात तो औषधाच्या दुकानात बराच वेळ उभा राहिला होता. दुकानदाराने विचारलं, "कुठलं देऊ?" त्याला माहीत नव्हतं. दुकानदाराने जे दिलं ते त्याने आणून न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलं. दोन दिवसांनी ते तिथे नव्हतं. मग दर महिन्याला तो तसंच करत राहिला. मुलगी काही बोलली नाही, तोही बोलला नाही. तिच्या आईचं एक काम तरी आपण नीट उचललं, असं त्याला वाटायचं.

त्याने नमुने काढून घेतले आणि फळी होती तशी लावली. गादीवरची चादर दोनदा ओढली तरी सुरकुती जाईना.

गाळ्यावर येऊन त्याने मेव्हणीला फोन लावला.

"भावोजी! आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

"तुला एक विचारायचं होतं. ढबूचं. जरा बायकांचं आहे."

"बायकांचं म्हणजे काय?"

"ते, महिन्याचं. बंद आहे वाटतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला.

"तिने सांगितलं?"

"नाही. मला कळलं."

"तुम्हाला कळलं आणि मला नाही. ताई असती तर हसून हसून लोळली असती." मग तिचा आवाज उतरला. "एवढं वाळवलंय का तिने?"

"तू बोल ना तिच्याशी."

"मी बोलले की तिला आधी हे कळेल की तुम्ही माझ्याकडे आलात. मग ती आपल्या दोघांशीही बोलायची नाही. आईवरच गेलीये. तुम्हीच विचारा, भावोजी."

"मला कसं जमेल?"

"ते मला काय माहीत? आणि आवाज असा का येतोय तुमचा? जेवलात का?"

"जेवलो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

जिममधल्या बाकांचं रेक्झिन फाटलं होतं. ते काम करून द्या, असं मुलीच्या सरांनी मागेच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तो पिना मारायचं यंत्र आणि रेक्झिनची गुंडाळी घेऊन गेला. पोरं वजनं उचलत होती.

"काका, आज कोणता व्यायाम? छाती की पोट?"

"गुडघे," तो म्हणाला आणि बाकाजवळ गुडघे टेकून बसला.

पोरं हसली. "गादी जाड घाला हां काका. आमच्या अंगावर काही राहिलं नाही."

तो स्क्रू ड्रायव्हरने जुन्या पिना उचकटत होता. समोर सर मुलीचं माप घेत होते. त्यांच्या हातात चिमट्यासारखं एक यंत्र होतं. दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरायची, यंत्र लावायचं, आकडा वाचायचा. मग पाठ, मग कमरेची बाजू. कमरेला सरांना दोनदा धरावं लागलं. कातडी चिमटीतून निसटत होती. मुलगी भिंतीकडे बघत उभी होती, दुकानात फ्रेम उचलून धरल्यासारखी हनुवटी वर करून.

"अकरा," सर म्हणाले. "उतरतंय. छान."

मुलगी कपडे बदलायला गेली तेव्हा सर त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. तरुणच होते. बोलायला मऊ.

"मुलगी चिवट आहे, काका. माझ्याकडे असं कोणी नाही."

"हो." त्याने रेक्झिन ताणून धरलं. "सर, एवढं कमी केलं की बायकांना काही त्रास होतो का?"

"होतो. पाळी थांबते. मी मुलींना आधीच सांगून ठेवतो, तसं झालं तर लगेच सांगायचं. मग मी सगळं बंद करतो. स्पर्धा गेली उडत. हाडं ठिसूळ होतात, खेळ नाहीये तो." त्यांनी वाकून त्याच्याकडे पाहिलं. "तिला दर महिन्याला विचारतो. ती म्हणते वेळेवर आहे. का, काही आहे का?"

कारागिराने पिन मारली. मग शेजारी अजून एक मारली.

"नाही. सहज विचारलं."

परतताना दोघं चालत निघाली. गुंडाळी त्याच्या खांद्यावर आणि यंत्राची पिशवी तिच्या हातात होती. बंद दुकानांच्या रांगेपाशी ती थांबली आणि एका पायरीवर बसली.

"पाच मिनिटं. पाय कापूस झालेत."

तोही शेजारी बसला. समोरून सायकली जात होत्या. समोर बघत बोलणं त्याला सोपं गेलं.

"आज दिवाणात नमुने शोधत होतो. रेक्झिनचे."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"किती महिने झाले?"

"कशाला?"

"त्याला."

"पाळी म्हणा, बाबा. जीभ झडत नाही."

"पाळीला," तो म्हणाला. आजवर हा शब्द त्याने तोंडातून काढला नव्हता.

"चार-पाच."

"मला आणू नका म्हणायचंस."

"तुम्ही फळीवर ठेवायचात, ते बरं वाटायचं."

त्याने गुंडाळी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सरांशी खोटं बोललीस."

"खरं सांगितलं तर ते थांबवतील."

"थांबवू देत. पुढच्या वर्षी कर."

"आणि तोपर्यंत काय करू?" तिचा आवाज एकदम चढला. "थांबल्यावर काय करू, बाबा? घरी येऊन बसू? कुणासमोर?"

 सायकलवाला वळून बघत गेला. मग कारागीर म्हणाला,

"मी सरांना काही सांगणार नाही. त्यांनी आज विचारलं, तरी सांगितलं नाही. तू सांग. मी बाहेर बसतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर रोज येऊन बाहेर बसेन."

"बाकं संपत आली तुमची."

"परत फाडीन."

ती हसली. हसताना तिला दम लागला. मग तिने त्याच्या खांद्याला धरलं आणि उठली.

पुढचे दोन दिवस ती सरांशी बोलली नाही. तो सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिला. एका बाकाच्या सरळ गेलेल्या कडा त्याने उगाचच उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. तिसऱ्या दिवशी ती तशीच जिमच्या कपड्यांत सरांच्या खोलीत गेली. खोलीला काचेची भिंत होती. आतलं ऐकू येत नव्हतं. त्याला तिची पाठ दिसत होती, आणि सर हातातलं यंत्र हळूच टेबलावर ठेवताना दिसले. मग सरांनी त्याला आत यायची खूण केली.

"बसा, काका." त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता. "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"ते तिनेच सांगायला हवं होतं."

सरांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

"या वेळी स्पर्धा नाही," ते मुलीला म्हणाले. "आधी डॉक्टर. मी नाव देतो, त्या बाई खेळाडूंनाच बघतात. त्या विचारतील म्हणून मी विचारतो. नक्की कधीपासून? डाएट सुरू केल्यापासून?"

मुलीने टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं.

"त्याच्या आधीपासून."

"आधी म्हणजे?"

"आई गेली, त्याच्या पुढच्या महिन्यापासून."

"पण माझ्याकडे तर तू खूप नंतर आलीस."

"हो."

सर आठवत राहिले. "आलीस तेव्हाच किती सडसडीत होतीस. मी म्हटलं होतं, आयतं शरीर घेऊन आलीये."

"तेव्हा जेवण जातच नव्हतं, सर. घास फिरायचा तोंडात. मावशी, शेजारी, दुकानातल्या मुली, सगळ्यांना खोटं सांगून थकले होते. इथे आले तर नाही खाल्लं की तुम्ही शाबास म्हणायचात."

 बाहेर कुणीतरी जड वजन जमिनीवर टाकलं आणि काच थरथरली.

"आधीची पाकिटं?" कारागिराने हळू विचारलं.

"दुकानातल्या मुलींना दिली."

त्याने मान डोलावली. बायको गेली त्याला वर्ष झालं होतं, आणि दर महिन्याला तो दुकानदारासमोर उभा राहिला होता. दुकानदार आता न विचारताच पाकीट काढून द्यायचा.

सरांनी कागदावर डॉक्टरबाईंचं नाव लिहिलं आणि तो त्याच्यापुढे केला. कारागिराने घ्यायला हात लांब केला. सरांनी कागद सोडला नाही. माणसांची अंगं बघण्यात त्यांचा दिवस जायचा. ती नजर त्याच्या बाहीवरून वर गेली, खांद्याच्या शिवणीवर थांबली. शिवण खांद्यावरून खाली, दंडावर उतरली होती. तिथून नजर गळ्याजवळच्या हाडावर आली.

"काका, हा शर्ट कुणाचा?"

"माझाच. का?"

"तुम्ही जेवता ना नीट?"

"जेवतो की. गाळ्यावर."

मुलगी खुर्चीत वळली.

"गाळ्यावर डबा कोण आणून देतं, बाबा?"

त्याने काचेतून बाहेर, आपल्या अर्धवट शिवलेल्या बाकाकडे पाहिलं. सुई तशीच लटकत होती. मुलीने त्याचा लांब केलेला हात धरला आणि मनगटाभोवती आपली बोटं फिरवली. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं, आणि टेकून पुढे गेलं.

"बाबा," ती म्हणाली.

त्याने हात सोडवून घेतला नाही.